धवलारणीची फटफटी

माझ्या दारात तीन मोटरसायकली उभ्या आहेत आणि तिन्ही चालतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुन्या गाड्यांचा शौक म्हटला की लोकांना वाटतं, काचेमागे ठेवलेली, रोज पुसलेली आणि कधीच सुरू न होणारी वस्तू. तसल्या गाड्यांचा मला मनापासून राग आहे. फटफटी रस्त्यावर दिसली पाहिजे, तिने दारात थोडं तेल गाळलं पाहिजे आणि शेजाऱ्यांनी आपल्याला दोन शिव्या घातल्या पाहिजेत. आमच्या मंडळींचं म्हणणं, सवतच आणायची होती तर एक आणायची, तीन कशाला?

या तिघींपैकी एक डब्याची आहे. डबा म्हणजे साइडकार, गाडीच्या डाव्या अंगाला जोडलेली बसायची जागा, खाली स्वतंत्र चाक. ही गाडी कोणत्या कंपनीची, किती सीसीची, हे जाणकार विचारतात. त्यांना मी सांगतो. इथे लिहीत नाही, कारण आमच्या तालुक्यात ते कुणाला माहीत नव्हतं आणि कुणाचं काही अडलंही नाही. गाडी ओळखली जायची ती मालकावरून आणि आवाजावरून.

मी भिवंडीत लूमच्या कारखान्यात जॉबर होतो. माग बिघडला की ज्याच्या नावाने हाका सुरू होतात तो जॉबर. सत्तरच्या दशकात आमच्याकडे नवं असं फारसं येत नसे. माग यायचे तेसुद्धा मुंबईच्या गिरण्यांनी वापरून टाकलेले. कुणाची चौकट वाकलेली, कुणाच्या चक्राचे दात गेलेले. ते उभे करायचे आणि त्यांच्याकडून दोन-दोन शिफ्ट काम काढून घ्यायचं, हीच आमची विद्या. त्यामुळे ‘हे भंगार आहे’ असं कुणी म्हणालं की आमचे हात शिवशिवायचे. शुक्रवारी कारखाने बंद. नमाज आटोपून रफीकभाई आपल्या लेथचं शटर उघडायचे आणि मी आठवडाभर जमवलेले गंजके तुकडे घेऊन तिथे हजर व्हायचो.

रफीकभाई माझ्याहून वयाने मोठे, उत्तरेकडून आलेले, बोलायला अगदी कमी. जुन्या इंग्लिश गाडीचा पार्ट बाजारात मिळत नाही. मग तो बनवायचा, दुसरा उपाय नाही. उदाहरण देतो. त्या गाड्यांच्या क्लचच्या प्लेटमध्ये बुचं बसवलेली असतात, खरी कॉर्कची बुचं. ती झिजली की गाडी नुसती ओरडते, पुढे जात नाही. आम्ही बाटलीवाल्याकडून जाड बुचं गोळा करायचो, ती तेलात भिजवायचो, रफीकभाई ती लेथवर एकसारखी कापायचे. एकदा त्यांच्या भाच्याने विचारलं, मामू, इतक्या दारूच्या बाटल्या कुणी प्यायल्या? तेव्हा त्या सज्जन माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

डब्याची ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली ती नाक्यावर. नवीन लागलेला जॉबर होतो, चहा पीत उभा होतो. आधी आवाज आला. आवाज म्हणजे काय, धड् धड् धड्, प्रत्येक ठोका सुटा, मोजून घ्यावा असा. त्यानंतर खूप वेळाने गाडी आली. चालवणारा सावळा, टोपी घातलेला माणूस आणि डब्यात ताठ बसलेली एक बाई. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मांडीवर पिवळं पडलेलं फडक्याचं गाठोडं. चहावाल्याने हात जोडले. मी विचारलं, कोण? तो म्हणाला, दिघाशीची धवलारीणबाय, लग्नाला चालली.

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या गावांकडच्या लग्नात भटजीइतकाच, किंबहुना जास्तच मान धवलारणीचा. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी ती गाऊन लावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ते कुठे लिहिलेले नसतात, तिच्या तोंडात असतात. तिला आणायची एक रीत होती. ती आपल्या पायांनी मांडवात जात नाही. वेशीवर थांबते. लग्नघरची सवाशीण तांब्याभर पाणी घेऊन येते, तिचे पाय धुते, कुंकू लावते आणि मग तिला नेते. तोवर हळदीला हात लावायचा नाही.

ही सोनूबाई पूर्वी पायी जायची. तिचा नवरा काथोडबाबा दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात कल्याणच्या छावणीत ड्रायव्हर होता. लढाई संपल्यावर लष्कराने जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यात त्याने ही डब्याची फटफटी उचलली. लोक जमिनी घेत होते तेव्हा हा गाडी घेऊन आला म्हणून भावकीने तोंडं वाकडी केली. बाबाने बायकोला डब्यात बसवलं आणि लग्नाला घेऊन गेला. त्या दिवसापासून तो पोचवायला गेला नाही असं एक लग्न नाही. ती मांडवात गायची, हा बाहेर गाडीजवळ विडी ओढत बसायचा. नवराबायकोत इतकी वर्षं इतकं सख्य मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही, आणि हे मी घरातल्या माणसांच्या देखत लिहितो आहे.

ती गाडी मला हवी होती. चांगली हवी होती. नाक्यावर पाहिली त्या दिवसापासून हवी होती. बाबाला दोन-तीनदा विचारलंही, त्याने हसून विडी पुढे केली. मग एका वर्षी गाडीचा आवाज यायचा थांबला. बाबाला लकवा झाला होता. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. बायला न्यायला आता लग्नघरची माणसं बैलगाडी पाठवतात, कधी टेम्पो पाठवतात, असं कानावर आलं. चौथा पावसाळा सरल्यावर दिघाशीहून एक दूधवाला कारखान्यात निरोप घेऊन आला, बायने फिटरला बोलावलंय, गाडीचं काम आहे. मी काय समजायचं ते समजलो. शुक्रवारी रफीकभाईंना मागे बसवलं आणि निघालो. वाटेत मी त्यांना ती गाडी कुठे ठेवायची, रंग कोणता द्यायचा, सगळं सांगत होतो. ते हूं हूं करत होते.

गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत भाताच्या पेंढ्याखाली पुरलेली होती. चार पावसाळे पेंढा ओला होऊन त्याची वाफ लोखंडाला लागलेली. टाकीला तळ उरला नव्हता, वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, सायलेन्सरचं शेपूट गळून पडलेलं आणि पोटाला आधीपासूनचं मुठीएवढं भोक. रफीकभाईंनी किकवर पाय ठेवला. मी म्हटलं, जाऊ द्या, इंजिन जाम असणार. किक हलली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. बाय म्हणाली, दर दसऱ्याला पूजा करताना प्लगच्या भोकात खोबरेल ओतते. बाबा आधी इंजिन ऑइल घालायचा, पण ते घरात नव्हतं. खोबरेलाने आतून चिकट लापशी झाली होती, पण पिस्टन वाचला होता.

बाबा ओटीवर खाटेवर पडून होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे छताला. मी जवळ जाऊन नाव सांगितलं तर त्याने मान फिरवली नाही. बाय म्हणाली, असाच असतो, घास भरवला तर खातो. लग्नाला गेले की शेजारीण बघते, आले की असाच दिसतो.

मी हळूच विषय काढला. म्हटलं, बाय, गाडी चांगल्या घरी जाईल, मी तिला जपेन. तिने मला पुढे बोलू दिलं नाही.

“फिटरदादा, गारी इकाची न्हाय. चालवाची हाय.”

“चालवणार कोण?”

“मी. आन् यो डब्यान बसंल.”

ती गाडीला गारीच म्हणायची. मला हसू येणार होतं, पण तिच्या तोंडाकडे बघून ते आलं नाही. ती पुढे म्हणाली, इतकी वर्षं यो माझ्या लग्नांना आयला, आता मी गाते नि यो इथं छत बघतो, ह्ये मला सोसत न्हाय. बस. एवढंच बोलली. रफीकभाई मराठी तोडकंमोडकं समजायचे. ते उठले, पडवीत गेले आणि पेंढा उपसायला लागले. मला म्हणाले, “वसंतभाई, लगन का सीझन कब है?”

सीझन तुळशीच्या लग्नानंतर. हातात फार शुक्रवार नव्हते. गाडी सुटी करून टेम्पोत घातली आणि लेथवर आणली. टाकीला नवा तळ. कार्बोरेटरमधला पितळी फ्लोट गळत होता. तो गरम पाण्यात बुडवायचा, जिथून बुडबुडा येतो तिथे डाग द्यायचा. डब्याचं अंग चौकटीवर आदळू नये म्हणून खाली रबर असतं, ते कुजलेलं. आम्ही तिथे मागाचे पिकर कापून घातले. पिकर म्हणजे धोट्याला टोला मारणारा कातडी ठोकळा. हजारो टोले खाऊन जो फाटत नाही तो दिघाशीच्या रस्त्याला काय ऐकणार? डब्याची सीट बाबाने कधीतरी काथ्याने विणून घेतली होती. मला ती काढून बरोबर मिलिटरीसारखी करायची होती. रफीकभाई म्हणाले, त्याला पडून राहून पाठीला जखमा आहेत, काथ्याच राहू दे, वर गादी घाल.

पण आमचं खरं कौशल्य लागलं सायलेन्सरमध्ये. जुना बघवत नव्हता. रफीकभाईंनी नवा नळा ओढला, मी आत पत्र्याच्या जाळ्या बसवल्या, अगदी इंग्लिश पुस्तकात असतात तशा. गाडी सुरू केली तर शेजारच्या दुकानदाराने मान वर केली नाही. फुस् फुस् एवढाच आवाज. आम्हाला इतका आनंद झाला की रफीकभाईंनी स्वतःच्या खिशातून मलईवाला चहा मागवला. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांनी तसा मागवला नाही.

बाईमाणूस ही गाडी चालवू शकेल का, याची मला धास्ती होती. तीन चाकं, तोल सांभाळायला नको, हे सोपं. पण डब्याची गाडी सरळ जात नाही. जोर दिला की डब्याकडे ओढते, ब्रेक लावला की उलट्या अंगाला फिरते. चांगले चांगले ड्रायव्हर पहिल्या दिवशी कुंपणात जातात. बायने लुगड्याचा काष्टा कसला, किकवर चढली, सिलिंडरमधला दाब सोडायची कळ आधी दाबली आणि मग लाथ मारली. कळ दाबायला मी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या लाथेला गाडी चालू. कापलेल्या भाताच्या शेतात ती फिरायला लागली. एकदा बांधावर चढली, एकदा पेंढ्यात शिरली, तिसऱ्या फेरीला सुतासारखी. गाव बांधावर उभं राहून बघत होतं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी थट्टाही केली नाही. एक म्हातारी फक्त म्हणाली, काथोडची बसायची लकब आली तिला. बाय माझ्यापाशी थांबून म्हणाली, डब्यान बसून मी इतकी वर्षं काय आंधली होते?

पहिलं लग्न वडप्याचं. हळदीच्या दिवशी आम्ही दोघं माझ्या गाडीवर मागे राहिलो, वाटेत काही बिघडलं तर असावं म्हणून. बाबाला चौघांनी उचलून डब्यात बसवलं, पाठीला गादी, मांडीवर बायचं हळदीचं गाठोडं. बाय पुढे. मला अभिमान आवरत नव्हता. पण मागून मला एक गोष्ट दिसत होती. बाबाचा डावा हात, तेवढाच जिवंत होता, तो सारखा अंगावरून आडवा डब्याबाहेर येऊन इंजिनाच्या बाजूला चाचपत होता. मला वाटलं, कौतुकाने.

वडप्याच्या वेशीवर बायने गाडी थांबवली. कुणी नव्हतं. आम्ही थांबलो. पलीकडे मांडव दिसत होता, माणसं आपापल्या कामात होती. थोडा वेळ गेला. मी म्हटलं, हॉर्न वाजवा. बायने माझ्याकडे रोखून बघितलं. आपला मान आपण हॉर्न वाजवून मागायचा? ती ताठ बसून राहिली. ऊन चढत होतं. मुहूर्ताची वेळ जवळ येत होती, इकडे बाबाच्या कपाळावर घाम, आणि ती काही उतरायची नाही. शेवटी मीच धावत मांडवात गेलो आणि सांगितलं, धवलारीणबाय कधीची आलीय. एकच गडबड उडाली. चुली पेटलेल्या नव्हत्या, नवरा पाटावर बसलेला नव्हता, सवाशिणीच्या हातात तांब्याही नव्हता. नवऱ्याची आजी रडकुंडीला येऊन मला म्हणाली, गारी सुधारली म्हून सकाळपासून कान लावून बसलो होतो, बायची गारी टेपावर आयली की आवाज येतो, मग आमी चूल पेटवतो. आज आवाजच न्हाय आला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळ्या गावांची लग्नं त्या फुटक्या सायलेन्सरवर चालत होती. टेपावरून, म्हणजे गावाआधीच्या उंचवट्यावरून, ठोका आला की चूल, ओढ्यापाशी आला की पाट, वेशीवर आला की पाण्याचा तांब्या. आणि आम्ही दोन शहाण्यांनी पुस्तकात बघून त्याचं तोंड बांधलं होतं.

त्यांनी घाईघाईने पाय धुतले, बाय मांडवात गेली, गायला लागली. मी बाबाजवळ डब्यापाशी थांबलो. त्याचा हात अजून इंजिनावर होता. ते गरम होतं तरी तो हात काढत नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं. लकवा झाल्यापासून त्याचा शब्द कुणी ऐकला नव्हता. ओठ कसेबसे जुळवून तो म्हणाला,

“बंद?”

तो वाटभर तेच शोधत होता. त्याच्या हिशेबी गाडी बंद होती. बायको त्याला मेलेल्या गाडीत बसवून कुठेतरी ढकलत नेत होती. मला रडू आलं, लाजत नाही सांगायला.

रफीकभाईंना मी सांगितलं. ते माझ्या गाडीची चावी घेऊन गेले. भंगारात टाकलेला तो जुना सायलेन्सर अजून लेथच्या मागे पडलेला होता. मांडवात जेवणं चालू होती तेव्हा ते परत आले. वेशीवरच्या चिंचेखाली बसून आम्ही नवा काढला, जुना चढवला. गळालेलं शेपूट तेवढं ते लेथवरच डागून आले होते. पोटाचं भोक बुजवायला त्यांनी पत्रा काढला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पिशवीत ठेवला. मी किक मारली.

धड् धड् धड्. मांडवातली पोरं पळत आली. बाबाचा अर्धा चेहरा हसला, उरलेला अर्धा होता तसाच राहिला. त्याने डावा हात उचलला आणि पुढे केला, बैलांना करतात तसा, चल म्हणून. बाय मांडवाच्या दारात उभी होती, हळदीने भरलेले हात तसेच वर धरून. ती मला नंतर फक्त एवढंच म्हणाली, “दादा, पुना तिचं त्वांड बांधू नको.”

तो सीझन आणि पुढचे दोन, सोनूबाई चालवायची आणि काथोडबाबा डब्यात. राहनाळ, दिघाशी, आतली गावं, सगळीकडे. मांडवाबाहेर आता तो डब्यातच बसून राहायचा, कुणीतरी विडी पेटवून तोंडात द्यायचं. थोडेफार शब्द आले त्याला, गाडीपुरते. ऑइल. क्लच. हळू. मी आयुष्यात बऱ्याच गाड्या उभ्या केल्या, काही फार देखण्या झाल्या. पण हिच्याइतकं कामाला आलेलं माझ्या हातून दुसरं काही झालेलं नाही.

बाबा गेल्यावर बाय लग्नांना जात राहिली, बैलगाडीने. गाडीचा निरोप तिने स्वतः दिला. मी म्हटलं, चालवा की, तुम्हाला येते. ती म्हणाली, “रिकामा डबा घेऊन मी न्हाय फिराची. तुला हवी हुती ना? ने.” इतक्या वर्षांपूर्वी मी बाबाला विचारलेलं तिला माहीत होतं. मला गाडी मिळाली आणि घरी येईपर्यंत आनंद काही झाला नाही.

मुंबईत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे मी ती नेतो. परीक्षक वाकून बघतात आणि सायलेन्सरपाशी मान हलवतात. ओरिजिनल नाही, शिवाय फुटका. त्यांचं बरोबर आहे. मी वाद घालत नाही, नवा बसवतही नाही.

मागे एकदा वडप्याहून येत होतो. आता तिथे सगळी गोदामं, ट्रकच्या रांगा, वेस कुठली आणि टेप कुठला. चिंच मात्र आहे. तिथवर आलो तर एक म्हातारी घाईघाईने रस्त्याकडे येताना दिसली, हातात स्टीलचा तांब्या, पदराआड कुंकवाची डबी. मी थांबलो. ती त्याच घरातली सून, त्याच लग्नात आलेली नवरी, आता नातवंडांची आजी. तिने डब्यात बघितलं. मग माझ्याकडे.

“बाय न्हाय?”

मी मान हलवली. सोनूबाई जाऊन खूप वर्षं झाली होती, तिलाही ते माहीत असणार. आवाज आला आणि पाय निघाले, एवढंच झालं होतं. ती तांब्या घेऊन खाली वाकली, डब्याच्या चाकावर पाणी घातलं, हाताने चिखल पुसून काढला आणि डब्याच्या नाकावर कुंकू लावलं. तिला नीट बोलता यावं म्हणून माझा हात इंजिन बंद करायला गेला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “चालू ऱ्हाऊ दे.”

उभ्या गाडीचं इंजिन तापतं, पोळून निघतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी ती ऐकत उभी होती तोवर मी ते बंद केलं नाही.